पणजीचे माहेर कसे शोधावे? कोकणातील जुनी दफ्तरे, कबरस्ताने आणि घराण्याचा इतिहास

जगबुडीकाठ

नमस्कार. आमचे मूळ गाव खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी आहे. वडिलांचे बालपण लालबागच्या चाळीत गेले आणि मी ठाण्यात वाढले, तरी गणपती आणि शिमगा आम्ही गावीच करतो. आमच्या घराण्याची वंशावळ चुलत्यांनी फ्रेम करून माजघरात लावली आहे. ती सात पिढ्यांची आहे आणि त्या सात पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही.

मला शोध घ्यायचा आहे तो माझ्या पणजीचा. पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि तिकडेच वारले. त्या वेळी माझे आजोबा रांगत होते असे सांगतात. त्यांना पणजीने एकटीने वाढवले. घरात तिला सगळे 'मोठी आय' म्हणत, सासरी ठेवलेले नाव लक्ष्मी होते, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. तिचे माहेरचे नाव, आडनाव, गाव हे आज घरातला कोणीही सांगू शकत नाही. आमच्यात दहन होते, त्यामुळे थडगे किंवा शिलालेख मिळण्याचा प्रश्नच नाही. गावातल्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून किती माणसे गेली आणि किती परत आली नाहीत एवढे आकडे कोरलेले आहेत. नावे नाहीत, आणि वर्षानुवर्षे भिंतीबरोबर पाटीवरही चुन्याचा हात बसत गेल्यामुळे आता आकडेसुद्धा बोटाने चाचपून वाचावे लागतात.

कोकणात अशा प्रकारचा शोध ज्यांनी घेतला आहे, त्यांनी सुरुवात कुठून केली? आणि दफ्तरात स्त्रीचा माग लागू शकतो का?

माजघर

ताई, दफ्तराकडे नंतर वळा. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याकडे जा, आणि फोन न करता खाऊ घेऊन प्रत्यक्ष जा. 'पणजीचे माहेर कुठले?' असा थेट प्रश्न विचारलात तर 'ठाऊक नाही' हेच उत्तर येईल. त्याऐवजी मोठी आय कोणत्या देवीची ओटी भरायची, कोणत्या गावच्या जत्रेला न चुकता जायची, तिच्या बाराव्याला कुठली माणसे आली होती, आजोबांच्या लग्नात मामाचा मान कोणी घेतला, असे विचारा. घरातल्या पुरुषांनी जमिनीची नावे लक्षात ठेवली असतील, पण नात्यांची ये-जा बायकांनाच आठवते.

मोडीप्रेमी

@जगबुडीकाठ, दफ्तरात माग लागतो, पण तो जन्मनोंदीपासून क्वचितच लागतो. जमिनीच्या कागदापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने गावोगावी फेरफार (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी) लिहिले जाऊ लागले. आपले पणजोबा युद्धात वारले तेव्हा आजोबा अज्ञान, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन, होते. म्हणजे त्यांच्या नावावर किंवा कुळ म्हणून काही जमीन असेल, तर वारस फेरफारात अज्ञान मुलाचे नाव आणि पालनकर्ती म्हणून आईचे नाव असण्याची चांगली शक्यता आहे. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) असे लिहिलेले दिसते ते हेच. जुन्या नोंदींत 'बिन' असेल तर पुढे बापाचे नाव येते, 'कोम' असेल तर नवऱ्याचे, आणि मुसलमान खातेदाराच्या नावापुढे 'वलद' असते. आडनाव पुष्कळ वेळा लिहिलेलेच नसते, त्यामुळे केवळ आडनावावर शोधत बसू नये. सर्व्हे नंबर आणि ठिकाणाचे नाव धरून मागे जावे.

आपल्या भागातील बहुतेक गावे खोती होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा हक्क वंशपरंपरेने खोताकडे असे. १८८० चा खोती कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा या दोहोंच्या मधल्या काळात सरकारदरबारी खोताचे नाव ठळक आणि कसणाऱ्याचे नाव दुय्यम असे. म्हणून पणजोबांचे नाव खातेदार म्हणून मिळाले नाही तर निराश होऊ नका. कुळांच्या नोंदी पाहा.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक (गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्म-मृत्यूंची वही) ही नावे लक्षात ठेवा. सध्याचा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या गावपातळीवरच्या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात, बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत, आणि कागद हाताला लागताच तुटतो अशा अवस्थेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ नंतर ही दफ्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली आणि अनेक ठिकाणी त्यांचे स्कॅनिंगही झाले. घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी त्याचा लाभ घ्यावा.

आणखी एक गोष्ट. मंडणगड हा पूर्वी दापोली तालुक्याचा पेटा (उपविभाग) होता आणि गुहागर हा चिपळूणचा. सिंधुदुर्ग जिल्हा तर १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. गाव आज ज्या तालुक्यात आहे तिथेच त्याचे शंभर वर्षांपूर्वीचे दफ्तर असेल असे गृहीत धरू नये.

तळकोकणी

मोडीप्रेमी यांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण कोतवाल बुकावर एवढा विश्वास मला ठेववत नाही. आमच्या देवगडकडच्या गावातल्या अशा वह्या मी पाहिल्या आहेत. मरणाचे कारण पानेच्या पाने 'ताप' असे एकच आहे, वय पाहिले तर चाळीस, पन्नास, साठ असे ठोकळ आकडे आहेत, आणि मुलीचा जन्म झाला तर नावाच्या जागी फक्त 'मुलगी' लिहिले आहे. सांगणारा वेगळा, ऐकणारा वेगळा आणि लिहिणारा तिसराच.

आमच्याकडे गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थान आणि मानपानाची जुनी गावव्यवस्था, अजून टिकून आहे. कोणत्या घराण्याचा मूळपुरुष कुठून आला, कोणाला कोणता मान, कोणत्या वाडीची माणसे मूळची कुठली, हे देवळात बसणाऱ्या मानकऱ्यांना पाठ असते. गाऱ्हाणे घालताना ही नावे पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली गेली आहेत. तो उच्चार मला कागदापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो.

मोडीप्रेमी

@तळकोकणी, वयाचे आकडे ठोकळ असतात हे मान्य. परंतु मानकऱ्यांच्या तोंडी असलेल्या वंशावळीत निपुत्रिक भाऊ गळतो, सासरी गेलेली मुलगी गळते आणि दत्तक आलेला मुलगा औरस म्हणून सांगितला जातो. कोतवालाला मयताच्या मानापानाशी देणेघेणे नव्हते. कोणी सांगितले की त्याने लिहिले, आणि म्हणूनच मानकऱ्यांनी ज्यांना वगळले अशी माणसे त्याच्या वहीत सापडतात. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने पाहा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसे पाठोपाठ लिहिलेली दिसतात, आणि त्यांतल्या लहान मुलांची आठवण आज त्या घरातही कोणाला नसते.

खाडीपलीकडे

हा धागा वाचून लिहावेसे वाटले. आमचे गाव दाभोळ खाडीच्या पलीकडच्या तीरावर आहे आणि आमच्यात दफन होते, तरीही थडग्यावरून नाव मिळणे सोपे नसते. आमच्या कबरस्तानात बहुतेक कबरींच्या उशाशी आणि पायथ्याशी एकेक जांभ्याचा चिरा उभा केलेला आहे आणि त्यावर एकही अक्षर नाही. पावसाने जांभ्याची कड झिजते, वर शेवाळ धरते, आणि पुढच्या पिढीला फक्त 'फणसाच्या बाजूला आपली माणसे' एवढेच सांगता येते. लेख असलेल्या कबरी मोजक्याच आहेत. त्यांवर हिजरी सन असतो. हिजरी १३०० म्हणजे इसवी सन १८८२-८३. हिजरी वर्ष चांद्र असून सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एक ठराविक आकडा मिळवून भागत नाही, कोष्टक पाहावे लागते.

आमचा खरा आधार म्हणजे जमातीचे दफ्तर आणि काझींकडची निकाहाची नोंद. जगबुडीकाठ यांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, म्हणून सांगतो. निकाहाच्या नोंदीत वधूचे नाव तिच्या बापाच्या नावासह येते आणि तिचे नाव लग्नानंतर बदलत नाही. त्यामुळे आजीच्या आजीपर्यंत आम्ही पोहोचू शकलो. अडचण आली ती पुरुषांची. खलाशी म्हणून गेलेले कोण मुंबईत वारले, कोण आफ्रिकेच्या बंदरात, कोण दर्यातच. केपटाऊनला आमच्या कोकणी लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या कुटुंबांतली मुले आता उलट दिशेने शोध घेत रत्नागिरीच्या खाड्यांवर येतात. त्यांच्याकडे गावाचे नाव असते, पण शंभर वर्षांपूर्वी कोण्या परक्या कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले. ते मोठ्याने दोन-तीनदा म्हणून पाहिले की मगच गाव ओळखू येते.

अष्टागर

थडग्यांचा विषय निघाला आहे तर अलिबागकडचे सांगते. नवगावला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील ज्यू, समाजाचे जुने दफनस्थान आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना तिथेच मूठमाती दिली, अशी त्यांची परंपरा सांगते आणि तिथे स्मारकही उभारलेले आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात त्यांची वस्ती होती आणि बहुतेक आडनावे गावांवरूनच आली आहेत, म्हणून आडनाव हाच त्यांचा पहिला पुरावा. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. आता त्यांची नातवंडे येतात, आणि वाट दाखवायला मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेले आहे.

त्यांच्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असा लेख पुष्कळदा दिसतो. ज्यू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो, मात्र त्यांचे वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे पहिल्या तीनेक महिन्यांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. कित्येकदा हजाराचा अंक कोरलेलाच नसतो, तो आपण धरायचा असतो.

सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की दगड वाचण्यासाठी तारेचा ब्रश, ॲसिड किंवा खडू वापरू नका. एका जुन्या दगडावर कोणीतरी ब्रश चालवून शेवाळाबरोबर वरचा पापुद्राही काढून टाकलेला मी पाहिला आहे. ती अक्षरे आता कायमची गेली. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे, ऊन तिरपे पडले की उथळ अक्षरेही सावलीने उठून दिसतात. ऊन नसेल तर घरातला आरसा न्यावा आणि बाजूने उजेड पाडावा. पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडापलीकडे काहीही लागू नये. फोटो काढताना शेजारच्या दगडांचेही काढा, कारण नवरा-बायको, सासू-सून जवळजवळ असतात. आणि जाण्याआधी तिथल्या माणसांची परवानगी घ्या.

सोपारा

आमच्या वसईत चर्चच्या वह्यांमुळे काम पुष्कळ सोपे होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आईचे नाव असते, धर्ममाता-धर्मपिता असतात, आणि विसाव्या शतकातल्या नोंदींत पुढे झालेल्या लग्नाचा शेराही समासात लिहिलेला सापडतो. धर्ममाता बहुधा जवळच्या नात्यातली असल्यामुळे तिच्यावरून माहेरचे घर लक्षात येते. जुन्या नोंदी मात्र लॅटिन आणि पोर्तुगीज वळणाच्या आहेत. कबरींचे म्हणाल तर आमच्या दफनभूमीत जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात. वाचता येईल असा दगड दिसला तर त्याच दिवशी उतरून घ्यावा.

चिरेबंदी

माझा वेगळाच प्रश्न आहे. आमच्या ग्रामदेवतेच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आहेत. त्यांतला एक आमच्या मूळपुरुषाचा, असे आमच्या वाडीत सगळे मानतात. तो वंशावळीत घालावा का?

मोडीप्रेमी

@चिरेबंदी, घालू नये. कोकणातले वीरगळ बहुतांशी शिलाहार-यादव काळातले, म्हणजे सातशे ते हजार वर्षांपूर्वीचे असतात आणि क्वचितच त्यांवर नाव असते. आपल्या वाडीची श्रद्धा वंशावळीच्या खाली 'परंपरेने असे मानतात' म्हणून अवश्य नोंदवा. तीही पुढच्या पिढीला कळायला हवी. पण नावाची चौकट त्यावर जोडू नका, कारण एकदा कागदावर आलेली गोष्ट पुढे कोणी तपासत नाही.

तळकोकणी

@मोडीप्रेमी, या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे. लहान मुलांविषयी आपण वर लिहिलेत, त्यात एक भर घालतो. आमच्याकडे दहन करणाऱ्या घरांतही तान्ही मुले पुरतात. आमच्या मळ्याच्या कडेला असे काही दगड आहेत आणि नांगर धरणारा तेवढा कोपरा सोडून वळतो. हे कोणत्याच वहीत नाही. जुन्या माणसांना बरोबर नेऊन ही ठिकाणे नकाशावर टिपून घ्यायला हवीत.

पेन्शनरांचा नातू

@जगबुडीकाठ, मी दापोलीचा. खेड, दापोली, महाड या पट्ट्यातून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे आणि दापोली कँपात पेन्शनर मंडळींची वस्ती होती. आपल्या पणजोबांच्या बाजूने जाऊनच पणजी सापडेल, असे मला वाटते.

मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्या डिव्हिजनला कुत-अल-अमारा येथे पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि त्यानंतर कैदेतही फार माणसे मेली. तिकडच्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मरण केलेले आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर ही नोंद शोधता येते. हिंदुस्थानी शिपायांच्या नोंदीत अनेकदा 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमकीचा नवरा', पुढे गाव, तालुका आणि रत्नागिरी असे लिहिलेले असते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कसे केले असेल याचा नेम नाही, म्हणून नावाने मिळाले नाही तर गावाच्या नावाने शोधा, आणि गावाचेही चार-पाच प्रकारे स्पेलिंग करून पाहा.

घरात पदक आहे का? महायुद्धाच्या पदकाच्या जाडीवर, म्हणजे रुपयाला जिथे दाते असतात त्या कडेवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पुष्कळ घरांत पदक जपलेले असते, पण राजाच्या मुखवट्यापलीकडे ती कड कोणी पाहिलेली नसते. क्रमांक मिळाला की त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाशी गल्लत होत नाही. विधवेला पेन्शन मिळत असेल तर तिचे कागदही घरच्या पेटीत पाहा. तिच्या ओळखीसाठी काय काय लिहून घेतले असेल ते सांगता येत नाही.

माजघर

सध्या पितृपक्ष जवळ आला आहे म्हणून आठवण करते. म्हाळाच्या वेळी भटजी तीन पिढ्यांची नावे विचारतात, बापाकडची आणि आईकडचीही. आजोबांनी म्हाळ घातला असेल तेव्हा त्यांनी आईच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव उच्चारले असणार. त्या भटजींच्या घरी यजमानांच्या नावांची वही असेल तर ती बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या नामावळीतही बघा. गाव आणि आडनाव सांगितले की ते बाड काढून देतात. विधवा बायका तीर्थाला जात, आणि बरोबर माहेरचा भाऊ असे.

जगबुडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या दिवसांनी लिहिते आहे, कारण काही हाती लागेपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

पदक घरात आहे. ते काकूंच्या देवघरात होते. कडेवर क्रमांक आणि १०३ व्या पलटणीचे नाव स्पष्ट वाचता येते. त्या क्रमांकावरून आयोगाच्या संकेतस्थळावर पणजोबांची नोंद मिळाली. तीत त्यांच्या वडिलांचे नाव आणि आमचे गाव आहे, पणजीचा उल्लेख नाही. घरातल्या कोणालाही ठाऊक नसलेली मृत्यूची तारीख मात्र कळली, १९१६ च्या उन्हाळ्यातली. वडिलांनी ती वंशावळीच्या फ्रेमवर मागच्या बाजूने लिहून ठेवली.

वारस फेरफारात 'पालनकर्ती आई लक्ष्मी कोम' असे आहे. माहेर नाही.

खरा धागा लागला तो आत्याकडून. तिने सांगितले की आजोबा आमच्या गावच्या शाळेत कधी शिकलेच नाहीत, 'आजोळी शिकले' एवढे ते म्हणत. कोणते आजोळ ते तिला ठाऊक नव्हते, पण मोठी आय शिमग्याला आमची पालखी घरी येऊन गेली की नदी उतरून पलीकडच्या एका गावच्या पालखीला जायची, हे तिने पाहिलेले आहे. त्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मोठ्या आस्थेने जुने जनरल रजिस्टर काढून दिले. त्यात आजोबांचे नाव आहे, वडिलांच्या नावापुढे 'मयत' आहे आणि पालक म्हणून मामाचे पूर्ण नाव आडनावासह आहे. जन्मतारीख सगळ्याच मुलांप्रमाणे १ जून.

म्हणजे पणजी लहानग्याला घेऊन माहेरी परतली होती. आमच्या घरात मात्र 'तिने इथेच राहून घर सांभाळले' असे सांगत आले आहेत. माहेरच्या माणसांनी माझ्या आजोबांना शिकवले आणि आमच्या वंशावळीत त्यांचा उल्लेख नाही, हे मला फार लागले. त्या आडनावाची दोन घरे त्या गावात आजही आहेत.

आता पणजीचे माहेरचे नाव कसे मिळेल? माहेरच्या जमिनीत तिचे नाव असेल का?

मोडीप्रेमी

@जगबुडीकाठ, फार चांगले काम झाले. जमिनीत शोधू नका. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. त्याआधी भाऊ असताना मुलीचे नाव बापाच्या जमिनीला लागत नसे. मामांच्या वडिलांचे नाव मात्र त्यांच्या वारस फेरफारात मिळेल. ते घेऊन त्या गावच्या कोतवाल बुकात १८८५ ते १९०० ची पाने पाहा. तळकोकणींनी सांगितल्याप्रमाणे 'मुलगी' एवढीच नोंद असू शकते, पण मामांच्या वयाच्या मागेपुढे त्याच बापाची मुलगी दिसली तर निदान जन्माचे वर्ष तरी पक्के होईल. अर्ज करताना 'नक्कल' मागा, नुसते पाहायला मागू नका. पान मोडीत असेल तर फोटो इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. त्याच पानावर दुसऱ्या घरांची जात आणि वारसाही लिहिलेली असते आणि ती त्यांच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर येऊ नये.

खाडीपलीकडे

आणि त्या दोन घरांत आधी जा. कागद अभिलेख कक्षात राहणार आहेत, वयस्कर माणसे थांबत नाहीत.

जगबुडीकाठ

@खाडीपलीकडे, निरोप गेला आहे. त्यांच्याकडच्या आजी नव्वदीच्या आहेत आणि त्यांनी गणपतीत, गौरी जेवतात त्या दिवशी, आत्याला घेऊन यायला सांगितले आहे. @मोडीप्रेमी, नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात खेडला देईन. मामांच्या वडिलांचे नाव आजींना ठाऊक असेल तर फेरफार शोधण्याचे एक काम वाचेल.